अकरा वर्षांची दुरुस्ती

नसरीन, तुला घरातून नेलं त्याला आज एकोणचाळीस दिवस झाले. उद्या चाळीसावा. तुझा भाऊ सलीम सकाळीच येऊन सांगून गेला, "सिस्टर, कल जल्दी आना, अब्बा बस तुम्हारी बात सुनते." मी येणार आहेच. पण तिथं माणसं असतील आणि गेले महिनाभर जे वाक्य मी ऐकते आहे ते परत ऐकावं लागेल. दीर्घायुष्याचं गुपित शोधणारी पोरगी, अन् बघा, स्वतः त्रेचाळीसाव्या वर्षी गेली. हे बोलून लोक मान हलवतात. मीही हलवते, कारण मयतीच्या घरात वाद घालायचा नसतो. घरी आल्यावर मात्र माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. तू असतीस तर तिथल्या तिथं म्हणाली असतीस, "गुपित कोण शोधत होतं? मी तर वयं तपासून राह्यले होते." म्हणून हे लिहायला बसले. उद्या बोलता येणार नाही ते आज तुझ्याशी बोलून घेते.

तीर्थपुरीच्या दवाखान्यात मी नवी नर्स होते आणि तू सातवीत. रहीमचाचांच्या, तुझ्या अब्बांच्या, शिलाई मशीनचा आवाज आमच्या लसीच्या खोलीत ऐकू यायचा, इतकं तुमचं घर जवळ. तू येऊन मलेरियाच्या काचा बघत उभी राहायचीस. एकदा तपासनीसांनी तुझ्याच बोटाचं रक्त काचेवर घेऊन तुला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. इतर पोरं "अय्या" म्हणून पळायची. तू बराच वेळ डोळा लावून बसलीस आणि मला विचारलंस, "नर्सबाई, ह्यातलं म्हातारं कोणतं अन् तरणं कोणतं?" मला उत्तर येत नव्हतं. तपासनीसांनाही येत नव्हतं. तू आम्हा दोघांकडे जरा निराशेनंच पाहिलंस.

त्यानंतर तू जालना, औरंगाबाद, पुणे अशी शिकत गेलीस. मधली वर्षं मला तुझी खबर चाचांकडून कळायची. "बिटिया मुर्दा चूहों का कुछ करती," एवढंच त्यांना सांगता यायचं, पण ते सांगताना मशीनचं चाक थांबवायचे. मग मी निवृत्त व्हायच्या सुमाराला तू एका दुपारी माझ्या दारात उभी राहिलीस, खांद्याला पिशवी, हातात नळ्यांची पेटी, आणि पूर्वीची नर्सबाई सोडून मला ताई म्हणालीस. "ताई, मला आपल्या भागातली सगळ्यात म्हातारी माणसं पाह्यजेत. तुम्ही घरन् घर ओळखता. माझ्यासंगं चला."

मी आले. नोकरीत असताना जेवढं फिरले नव्हते तेवढं तुझ्याबरोबर फिरले. तीर्थपुरीपासून अंकुशनगरपर्यंत, तिकडे वाटूरच्या फाट्यापर्यंत. रक्त मी काढायची, बोलायचं काम तुझं. आधी कागद वाचून दाखवायचीस, पूर्ण, एकही ओळ न गाळता. मला वाटायचं, अंगठाच तर घ्यायचा आहे, इतकं कशाला. तू म्हणायचीस, "त्यांचं रक्त आहे, ताई. कशासाठी देऊन राह्यले हे त्यांना कळायला नको?"

अंकुशनगरला ऊसतोडीत आयुष्य घालवलेली सखूबाई होती. पाठीतून वाकलेली, पण आवाज असा की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघेल. तिनं हात पुढं करायच्या आधी विचारलं, "माझ्या रक्तात काय हुडकून राह्यली गं पोरी? सोनं हाय का?"

तू तिच्या शेजारी ओट्यावर बसलीस. तिला म्हणालीस, "आजी, कारखान्यात मोठं रजिस्टर असतंय ना, कुणाच्या रानात किती ऊस त्याचं? तसं आपल्या अंगात प्रत्येक कणात एक रजिस्टर असतंय. ते जागचं हलत न्हाई. त्याच्यावरून चिठ्ठी निघती, अमक्या फडावर जा, तमकं काम करा. त्या चिठ्ठीला आम्ही आरएनए म्हणतो. आता काम झालं अन् चिठ्ठी कुणी फाडलीच न्हाई, तर काय होईल?"

"तीच टोळी परत त्याच फडावर जाईल की. हेलपाटा."

"बराबर. अंगात सूज आणायची, आग आणायची, अशापण चिठ्ठ्या असत्यात. जखम झाली तर त्या लागत्यात. पण वेळेवर फाटल्या न्हाईत तर आग धुमसत राहती, अन् माणूस लवकर म्हातारं होतंय असं वाटतं. ती चिठ्ठी धरून फाडायला लावणारं एक प्रथिन आहे. ते बनवायची कृती ज्या जागी लिहिलेली आहे, ती जागा मी वाचून राह्यले."

सखूबाई म्हणाली, "मंग मुकादम म्हण की त्याला."

तू वहीत लिहून घेतलंस. पुण्याच्या प्रयोगशाळेत त्याचं नाव एयूएफ-वन होतं, आपल्या दोघींत मात्र त्या दिवसापासून ते मुकादमच झालं. तो मुकादम काढून टाकला की उंदीर लवकर म्हातारे होतात, हे परदेशातल्या लोकांनी आधीच पाहिलं होतं, असं तू सांगायचीस. माणसांचं काय, हा तुझा प्रश्न होता. त्या जनुकात एका जागी काही माणसांत एक अक्षर असतं आणि काही माणसांत दुसरं. नव्वदीपार गेलेल्या माणसांत त्यातलं एक जास्त सापडतं का? एवढंच तुला बघायचं होतं.

आणि पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते सापडलं. तुझा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. तू एका दमात म्हणालीस, "ताई, दिसून राह्यलंय! जितकं वय जास्त तितकं ते अक्षर जास्त." मी देवापुढं साखर ठेवली. तुझ्या अम्मीला जाऊन सांगितलं, त्यांनी शिरखुर्मा केला, ईद नसताना.

ही बातमी बाहेर कशी गेली ते मला अजून कळलेलं नाही. तू कुणाला बोलली नव्हतीस, मी बोलले नव्हते. पण वर्तमानपत्रात आलं, आपल्या मातीतल्या माणसांत दीर्घायुष्याचं जनुक सापडलं म्हणून. चौकात बॅनर लागलं. त्यावर मध्यभागी आपल्याला रक्त दिलेल्या रंगनाथबापूंचा फोटो होता, पांढऱ्या मिशा, गुलाबी फेटा. त्याच वर्षी त्यांच्या नातवांनी बापूंची शंभरी केली होती. पेढे वाटले होते, बैलगाडीतून मिरवणूक काढली होती. तू ते बॅनर बघितलंस आणि मला वाटलं होतं तशी हसली नाहीस.

"ताई, बापू शंभरचे कशावरून?"

मी म्हणाले, "अगं, सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणतात म्हणून मी वहीत लिवलं. चूक माझी झाली."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि माझ्या बाजूनं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणत होते, काम झालंय, छापून टाक. पुण्याचे तुझे वरिष्ठ सरही तेच सांगत होते. माझ्यासमोर त्यांचा फोन आला होता, तू आवाज मोठा ठेवला होतास. वयाचा घोळ नंतर निस्तरू, आधी निबंध पाठवू, असं ते म्हणाले. तू शांतपणे म्हणालीस, "सर, वय हाच तर आपला प्रश्न आहे. तेच चुकलं तर बाकी काय उरलं?" त्या माणसाच्या मर्जीवर तुझी पुढची जागा अवलंबून होती, हे मला ठाऊक होतं.

मग तू एक वर्ष वयांच्या मागे लागलीस. आपल्याकडच्या त्या पिढीच्या जन्माचा दाखला कुठून असणार? विचारलं तर कुणी म्हणायचं, रझाकारीत मी न्हातीधुती झाल्ते. कुणी म्हणायचं, पोलीस अॅक्शनला माझं थोरलं पोर रांगत होतं. तू ते सगळं लिहून घ्यायचीस, भावंडांचं एकमेकांशी ताडून बघायचीस. आणि मग शाळांची जुनी रजिस्टरं काढलीस. ती निजामाच्या काळातली, उर्दूत लिहिलेली, साल फसली. गुरुजींनी कपाट उघडून दिलं आणि म्हणाले, "आमच्यापैकी कुणाला हे वाचता येत न्हाई, बाई." तू पाण्याचा घोट घेतलास आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागलीस. नाव, बापाचं नाव, जमात म्हणजे इयत्ता, वय, दाखल झाल्याची तारीख. फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे की आपलं साल येतं, एखादं वर्ष इकडेतिकडे. लहानपणी अम्मीनं छडी घेऊन शिकवलेलं उर्दू एवढ्या वर्षांनी असं कामाला येईल, हे तुलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी मला तुझा जेवढा अभिमान वाटला तेवढा तू पदवी घेतलीस तेव्हाही वाटला नव्हता. सांगितलं नाही. मी म्हणाले फक्त, "चल, भाकरी खाऊ."

बापूंचं नाव सापडलं. पहिलीत दाखल, वय सहा. हिशेब केला तर बापू एकोणनव्वदचे निघाले.

मी वाद घातला. "मास्तर अंदाजानं वय लिहायचे गं. शाळेतलं वय खरं कशावरून?"

"अंदाज असंल, ताई. दोन वर्षं इकडेतिकडे मी पण धरली. पण बापू शंभरचे असते तर त्या दिवशी ते सतरा वर्षांचे होते. सतरा वर्षांच्या घोड्याला पहिलीत कोण घालतंय?"

मला हसू आलं, आणि हसले म्हणजे हरले. बापू एकटे नव्हते. सगळ्यात म्हातारी म्हणून आपण ज्यांना धरलं होतं त्यातल्या बऱ्याच जणांची वयं खाली आली. मुद्दाम कुणी खोटं बोललं नव्हतं. सत्तरीनंतर घरचे लोक प्रेमानं दरवर्षी दोन दोन वर्षं वाढवत जातात, हे तुझंच म्हणणं. आणि वयं दुरुस्त केल्यावर ते अक्षरही विरळ होत गेलं. शेवटी जे उरलं ते एवढंसं, की तुझ्याच शब्दांत, असेलही, नसेलही.

तू तसंच लिहिलंस. संबंध सिद्ध झालेला नाही, प्रश्न उघडा आहे, आणि वयं अशी अशी तपासली. मोठ्या नियतकालिकानं परत पाठवलं, छोट्यानं छापलं. सरांनी तुझ्याशी बोलणं कमी केलं. मी तुझ्यावर चिडले होते, नसरीन. आता कबूल करते. मला आपल्या गावाचं नाव मोठं व्हायला हवं होतं. तुझं तर त्याहून जास्त.

त्याच्याही पुढची तुझी हट्टाची गोष्ट म्हणजे, ज्यांनी रक्त दिलं त्यांना जाऊन निकाल सांगायचा. असं कुणी करतं का? तू केलंस. बापूंकडे आधी एकटी गेलीस, म्हणजे मला घेऊन. त्यांचे नातू घरात नसतील अशी वेळ बघून. रजिस्टरचा फोटो दाखवलास, वाचून दाखवलास. बापूंचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "मी खोटा का? माझी मिरवणूक खोटी का?" म्हणून काठी आपटली. तू म्हणालीस, "बापू, हे मी कुणालाच सांगणार न्हाई. पण तुमच्यापासून लपवणारपण न्हाई." त्यांनी आपल्याला चहासुद्धा विचारला नाही.

बाहेर आल्यावर तू पायरीवर बसलीस, पोटावर हात दाबून. मी विचारलं तर म्हणालीस, पित्त झालंय, उपाशी आहे म्हणून. पंचवीस वर्षं मी नर्स होते. पित्ताचा हात पोटावर कुठं असतो आणि तुझा कुठं होता, हे मला दिसलं होतं. मी गप्प बसले. तुला दवाखान्यात ओढत नेलं नाही. तेव्हा नेलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. तुला नंतर विचारलं, वर्षभर अंगावर का काढलंस, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "आधी वयं पुरी करायची होती, ताई." ह्या एका वाक्यासाठी मी तुला कधी माफ करीन असं वाटत नाही. स्वतःलाही.

पंधरा दिवसांनी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतंस. म्हातारी माणसं, त्यांची लेकरं, सुना, नातवंडं. सखूबाईला अंकुशनगरहून जीपमधून आणलं होतं. तू निकाल सांगितलास, मुकादमासकट, नावं न घेता. जनुक असं एकटं काही ठरवत न्हाई, म्हणालीस. खाणं आहे, कष्ट आहेत, वेळेवर मिळालेला दवाखाना आहे. आणि आम्ही आधी जे धरून चाललो होतो ते वयामुळं चुकलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून एक जण उठून म्हणाला, "मंग कुणाकुणाची वयं चुकली ते सांगा की. कळू द्या गावाला."

"ते मी सांगणार न्हाई. जबान दिलेली आहे."

"म्हंजी तुमचंच चुकलं असंल. गावाचं नाव झाल्तं ते घालवलं."

तू उभी होतीस. मला त्या माणसाला बखोट धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेत काठी वाजली आणि बापू उठले. ते आलेत हे मी पाहिलंही नव्हतं. फेटा तोच, गुलाबी.

"माझं चुकलं," बापू म्हणाले. "अकरा वर्षांनी. ह्या पोरीनं माझ्या शाळेचं रजिस्टर वाचलं, जे आजवर कुणाला वाचता आलं न्हाई. त्यात माझ्या बापाचं नाव हाय. किती वर्षांनी मी ते कुणाच्या तोंडून ऐकलं." मग ते सगळ्या हॉलकडे वळले. "पंधरा दिस मी इचार केला. मी एकोणनव्वदचा हाये, म्हंजी शंभरीला मला अजून अकरा वर्षं मिळाली. कुणाचं काय गेलं ह्याच्यात? फकस्त पेढे परत वाटावे लागत्याल."

हॉल हसला, नसरीन. सखूबाई सगळ्यात मोठ्यानं. आणि मग दुसरी एक म्हातारी उठली, म्हणाली, माझं पण चुकलं असंल, माझं पण बघ गं पोरी. तिच्यामागून आणखी एक. त्या दिवशी माणसं आपली वयं कमी करून घ्यायला रांगेत उभी होती. तू टेबलाशी बसून लिहीत होतीस, आणि मी तुझ्या मागे उभी राहून लोकांना दिसेल असं रडत होते. दुसऱ्या दिवशी बापूंच्या नातवांनी बॅनर स्वतः उतरवलं.

तुझ्या आजाराबद्दल मी फार लिहिणार नाही. तुला आवडायचं नाही. पण पुण्याच्या दवाखान्यातली एक दुपार लिहिते, कारण ती फक्त आपल्या दोघींना ठाऊक आहे. तुझे केस गेले होते, ओढणी नीट बसत नव्हती, मी ती परत परत सारखी करत होते. तू एकदम हसलीस. "ताई, एक सांगू? यंत्र बराबर चालतंय का बघायला सगळ्यात आधी मी माझंच रक्त घातल्तं. ते अक्षर माझ्यात आहे. दोन्हीकडून, अम्मीकडून पण अन् अब्बांकडून पण."

मी म्हणाले, "मग?"

"मंग काय? एका माणसावरून काही ठरत न्हाई. त्या बाजूनं पण न्हाई अन् ह्या बाजूनं पण न्हाई." आणि मग माझा हात धरून हळूच म्हणालीस, "तरी पण वाटलं होतं हो, ताई."

तेवढंच. पुन्हा त्या विषयावर आपण बोललो नाही. बोलायला हवं होतं का? मला तुला सांगायचं होतं की तू खरं लिहिलंस ते बरोबर होतं आणि मी चिडले ते चूक. ओढणी सारखी करण्यात ते राहून गेलं. आता सांगते. तू बरोबर होतीस.

बापू आले होते तुझ्या घरी. ब्याण्णव वर्षांचे आहेत आता, खरेखुरे. रहीमचाचांच्या शेजारी खुर्चीवर दोन तास बसले. त्यांना उर्दू येत नाही आणि चाचा त्या दिवशी मराठी विसरले होते. जाताना बापू एवढंच म्हणाले, "मास्तर होती ती माझी." गेल्या आठवड्यात पुण्याहून एक मुलगी आली, तुझ्याच प्रयोगशाळेतली. तुझ्या वयं तपासायच्या पद्धतीनं तिला दुसऱ्या जिल्ह्यात काम करायचं आहे, आणि प्रश्न तोच, मुकादमाचा. मी तिला तीन दिवस घेऊन फिरले. सगळीकडे तुझ्या नावानं चहा मिळाला. ती उर्दू शिकायला लागली आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

आणि परवा सलीमला मुलगी झाली. पहाटेपासून मी दवाखान्यात होते. बाळ बाळंतीण दोघी खुशाल. चाचांनी नातीला हातात घेतलं आणि सगळे म्हणाले, हिचं नाव नसरीनच ठेवू. चाचा नको म्हणाले. "वो एकीच थी," म्हणाले. मग घरात नावावरून वाद सुरू झाला आणि चाळीसाव्यानंतर ठरवू म्हणून सगळे गप्प बसले. सलीम म्हणाला, नाव ठरल्यावर नोंद करू, घाई काय आहे.

मी त्याला हाताला धरून जन्मनोंदणीच्या खिडकीशी नेलं. नावाशिवायही जन्माची नोंद होते, नाव मागाहून भरता येतं, हे मी नोकरीत शेकडो आयांना सांगितलं होतं. पण परवा पहिल्यांदा मी स्वतः अर्ज भरला. तारीख लिहिली. वेळ लिहिली, सकाळचे सात वाजून अठरा मिनिटं, घड्याळ मी स्वतः बघितलं होतं. आईचं नाव, बापाचं नाव, गाव. कारकुनानं वाचून दाखवायला सांगितलं तर मी मोठ्यानं वाचलं, एकही ओळ न गाळता.

नावाचा रकाना अजून रिकामा आहे. वय मात्र तिचं कुणाला कधी विचारावं लागणार नाही.